एक मोडी कागद घेऊन धुळ्याला

आमच्या घरातले जुने कागद बंबात गेले. आजोबा वारल्यावर त्यांच्या खोलीतून दोन गाठोडी निघाली, सगळे कागद मोडी लिपीत. घरात मोडी वाचणारं कुणी उरलं नव्हतं. त्या पावसाळ्यात गोवऱ्या सादळल्या होत्या आणि घरात बाळंतीण होती. तिच्या आणि बाळाच्या अंघोळीचं पाणी तापवायला आजीनं रोज थोडे थोडे कागद बंबात घातले. ते बाळ म्हणजे मी. आजीनं ही गोष्ट मला अनेकदा सांगितली. लहानपणी ती ऐकताना काही वाटायचं नाही. चाळिशी उलटली तशी ती गोष्ट मला झोपू देईना.

एकच कागद बंबातून बचावला होता, पोथीत खूण म्हणून घातलेला. तो घेऊन गेल्या हिवाळ्यात मी धुळ्याला गेले. सोबत आप्पा, माझे चुलते, निवृत्त शिक्षक. त्यांनी साठीनंतर मोडी शिकून घेतली. "कागद मी वाचून देईन, पण आधी तू धुळ्याचं राजवाडे मंडळ बघ, मग वाचू," अशी त्यांची अट होती. राजवाडे मंडळ म्हणजे जुने कागद सांभाळणारी, इतिहास संशोधनाची संस्था.

चाळीसगावाहून धुळ्याला गाडीनं जायचं, हेही आप्पांनीच ठरवलं. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा रेल्वेचा फाटा, छप्पन्न-सत्तावन्न किलोमीटरचा. चाळीसगावात स्टेशनाजवळच कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे, आता तिथं त्यांच्या छायाचित्रांचं आणि संग्रहाचं दालन आहे. ते आधी पाहिलेलं असल्यानं थांबलो नाही. जामदा, राजमाने, शिरूड अशी स्टेशनं मागे पडत गेली. कपाशीची वेचणी संपत आली होती, मध्येच दादर ज्वारीची हिरवी वावरं. समोरच्या बाकावरच्या आजींनी विचारलं, "कथाईन उनात भाऊ?" म्हणजे कुठून आलात, आणि मग आप्पांची अहिराणी सुरू झाली ती धुळं येईपर्यंत थांबली नाही. मी खिडकीशी बसून पिशवीतला कागद चाचपत होते.

वाटेत आप्पांनी मला पाटणच्या शिलालेखाची आठवण करून दिली. पाटणादेवीला आम्ही लहानपणापासून जातो, पण त्या दगडाकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. शके ११२८ मधला तो लेख. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्या मठाला दान दिलं, याची ती नोंद. वरचा भाग संस्कृतात आहे, पण शेवटी बाजारातल्या मालावरच्या करातून मठाला काय मिळायचं ते लिहिताना भाषा मराठी होते. आप्पा म्हणाले, "श्लोक पंडितांसाठी. पण पैसे कुणी किती द्यायचे ते बाजारातल्या माणसाला कळलं पाहिजे ना? म्हणून ते मराठीत." आठशे वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात विद्येसाठी बाजारातून पैसे निघत होते, हे मला चाळीस वर्षं माहीत नव्हतं.

धुळं हे शहर म्हणून तसं नवं. इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला आणि कॅप्टन ब्रिग्जनं इथं पेठ वसवली. सरळ रस्ते आणि नंबरच्या गल्ल्या. अजूनही पत्ता सांगताना लोक गल्लीचा नंबरच सांगतात. त्याआधीची सत्ता आसपास होती, ळळिंगच्या किल्ल्यावर, थाळनेरला, पुढं बऱ्हाणपुराला. म्हणजे इथं ना राजाचा वाडा, ना संस्थानिकाचा खजिना. तरी महाराष्ट्राच्या इतिहासाचं एवढं मोठं कागदघर इथं उभं राहिलं. याचं कारण एक माणूस आणि त्याच्यामागं राहिलेलं गाव.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. शाळेत नाव ऐकलं होतं, "इतिहासाचार्य" ही पदवी पाठ होती, त्यापलीकडं काही नाही. त्यांच्या "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रं त्यात आहेत. पुढं असे २२ खंड झाले. ही पत्रं त्यांना कुणी सरकारी कचेरीतून काढून दिली नव्हती. गावोगाव फिरायचं, वाड्यांच्या माळ्यावर, देवघराच्या फडताळात, धान्याच्या कोठीमागं पडलेली दप्तरं शोधायची, मालकाची समजूत घालायची, तिथंच बसून नकला करायच्या. कधी मालक दार लावून घ्यायचा. कधी दप्तर वाळवीनं आधीच खाल्लेलं असायचं. आणि कधी ते बंबात गेलेलं असायचं. आप्पा हे सांगत होते तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते.

पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात राजवाडे पुढं होते. पण आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यात होते आणि इथंच ३१ डिसेंबर १९२६ रोजी गेले. घरदार नाही, तरुणपणीच पत्नी वारलेली, मागं वारस नाही. मागं राहिले ते कागद, टिपणं, अर्धवट राहिलेले कोश. अशा माणसाचं सामान सहसा चार दिशांना जातं. धुळेकरांनी ते जाऊ दिलं नाही. भास्कर वामन भट आणि त्यांच्यासोबतच्या मंडळींनी लगेच १९२७ साली राजवाड्यांच्या नावानं संशोधन मंडळ काढलं. शोकसभा घेऊन तसबीर लावून थांबणं सोपं होतं. त्यांनी दप्तरं सांभाळली आणि राजवाड्यांचं अपुरं काम छापायला घेतलं. त्यांचा मराठी धातुकोश, नामांच्या व्युत्पत्तींचा कोश या मंडळानं प्रसिद्ध केला. "संशोधक" हे नियतकालिक चालवलं. आणि पुढं मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली राजवाड्यांचं समग्र साहित्य १३ खंडांत आणलं, तेही इथूनच.

संग्रहालय हे त्याच कामाचं अंग. कागद गोळा करणारे लोक गावात आले, की गावकरी त्यांना बाकीचंही दाखवतात. शेतात नांगराला लागलेली मूर्ती, पडक्या देवळाचा कोरीव दगड, आजीच्या गाठोड्यातली नाणी. इथली शिल्पं, नाणी, ताम्रपट, हस्तलिखितं यांच्याकडं मी तशा नजरेनं पाहिलं. मोठ्या शहरातल्या वस्तुसंग्रहालयात वस्तू कुठून तरी लांबून आलेली असते. इथं मूर्तीसमोर उभं राहिलं की वाटतं, ही आपल्या शेजारच्या तालुक्यातली. साक्री तालुक्यात बळसाण्याला बारावं शतक आणि त्याच्या मागेपुढे बांधलेली देवळं अजून उभी आहेत. तापीकाठी प्रकाशे, गिरणेकाठी बहाळ, या गावांत पन्नासच्या दशकात उत्खननं झाली आणि ताम्रपाषाण काळातली घरं, रंगवलेली भांडी निघाली. आमच्या पाटणजवळ तर त्याहून कितीतरी जुनी, शहामृगाच्या अंड्याची नक्षी कोरलेली टरफलं मिळाली. खानदेशात एके काळी शहामृग होते! शाळेत आम्हाला खानदेश म्हणजे केळी आणि कापूस एवढंच शिकवलं.

मी सगळ्यात जास्त वेळ रुमालांपुढं उभी राहिले. मोडी कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. आत कागदांच्या चळती आणि वर चारी टोकं आणून मारलेली गाठ. आजीची गाठोडी अशीच होती. मला ती कधी दिसली नाहीत, पण त्या दिवशी दिसली.

आप्पांनी मला मोडी बघायला शिकवलं, वाचायला नव्हे. आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढायची, मग बोरूनं त्या रेघेला अक्षरं टांगत जायची. हात शक्यतो उचलायचाच नाही, म्हणून अक्षरं एकमेकांत वळत जातात. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. पेशवाईतल्या पत्रात तारीख चंद्राची आणि वर्ष अरबी शब्दांत. "इसन्ने सबैन मया अलफ" म्हणजे दोन, सत्तर, शंभर, हजार. उलटीकडून मोजत गेलं की अकराशे बहात्तर. हा सुहूर सन, त्यात पाचशे नव्याण्णव किंवा सहाशे मिळवले की इसवी सन येतो. एवढं कळल्यावर मला त्या वळणांची भीती वाटेनाशी झाली. माझ्या आजीला कुणी एवढं जरी सांगितलं असतं!

दुपारी एका खाणावळीत शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाल्ली. मग समर्थ वाग्देवता मंदिर. शंकर श्रीकृष्ण देवांनी १८९३ मध्ये धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि समर्थ संप्रदायातल्या मठांमधून पोथ्या, बाडं जमवली. डोमगावच्या मठातल्या, समर्थांचे शिष्य कल्याणस्वामींनी लिहिलेल्या प्रतीवरून त्यांनी दासबोध छापला. स्वतः समर्थांच्या हातचं वाल्मीकी रामायण इथं जपलेलं आहे. एका गावात, एकाच पिढीच्या आसपास, दोन वेगळ्या माणसांना कागद वाचवण्याचा ध्यास लागला. देवांना संतांचे, राजवाड्यांना सगळ्यांचे. याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतलं, म्हणून "गीता प्रवचने" आज आपल्या हातात आहे. लिहून ठेवणारं माणूस जवळ असणं किती मोठी गोष्ट आहे!

परतीच्या गाडीत आप्पांनी चष्मा पुसला आणि हात पुढं केला. अट पूर्ण झाली होती.

कागद हातभर लांब, घडीवर फाटलेला. आप्पा अक्षराखाली नख धरून, एकेक शब्द सोडवत वाचत होते. शके १७६८, पराभवनाम संवत्सरे. म्हणजे १८४६. ही फारखत होती, कर्ज फिटल्याची पावती. आमच्या पूर्वजानं सावकाराकडून चाळीस रुपये घेतले होते आणि तारण म्हणून बैल दिले होते. पैसे फिटले, बैल परत मिळाले, पुढं काही एक बाकी राहिली नाही. साक्षीदारांची नावं, त्यांच्या पुढं सहीऐवजी नांगराची खूण. आणि मध्ये बैलांचं वर्णन. बैल रास दोन, पैकी एक कबरा, एक तांबडा, तांबड्याचं डावं शिंग मोडलेलं.

मी आप्पांचा हात धरला. आमच्या मळ्याच्या खालच्या अंगाला एक वावर आहे, त्याला घरात सगळे "शिंगमोड्या" म्हणतात. का म्हणतात ते कुणालाच सांगता येत नाही. मला वाटायचं, बांध वाकडा आहे म्हणून असेल.

आप्पा बराच वेळ गप्प राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. मग म्हणाले, "असेलही. पण एका कागदावरून असं ठरवायचं नसतं. दुसरा कागद लागेल."

शिरूड सोडल्यावर मी आईला फोन लावला. सगळं सांगितलं, बैलांसकट. ती ऐकत राहिली. म्हणाली, वाटणी झाली तेव्हा एक पेटी मोठ्या घरी गेली होती, आत कागदच होते असं तुझी आजी म्हणायची. मोठ्या घराशी आमचं बोलणं बंद होऊन तीस वर्षं झाली.

"मी उद्या जाते त्यांच्याकडे," आई म्हणाली.