मोठी रक्कम पाठवताना

भाजी, रिक्षा, वाणी यांच्यासाठी यूपीआय उत्तम, पण तिथे साधारण मर्यादा दिवसाला १ लाखाची. त्यापुढे बँकेतून पैसे पाठवायचे तीन मार्ग. आयएमपीएस, ५ लाखांपर्यंत, पैसे लगेच पोचतात. आरटीजीएस किमान २ लाखांपासून. एनईएफटीला किमान रक्कम नाही, पण ते दर अर्ध्या तासाच्या बॅचने जातं. म्हणून खात्यातून रक्कम वजा झाली आणि समोर दिसली नाही, तर कृपा करून लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. दोन-अडीच तास थांबा.

खरा घोळ खाते क्रमांकात होतो. पैसे क्रमांक पाहून जमा होतात, नावावरून नाही. एक आकडा चुकला आणि तसं खातं असलं, तर रक्कम तिकडे जाते आणि परत मिळवायला त्या माणसाची संमती लागते. आता नेटबँकिंगमध्ये खातेदाराचं नाव तपासायची सोय आहे, ती वापराच. वर १ रुपया आधी पाठवून समोरच्याला फोन करा.

आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, ११ अक्षरी असतो; त्यातलं पाचवं नेहमी शून्य, इंग्रजी 'ओ' नव्हे. बँक विलीन झाली असेल तर जुन्या चेकबुकावरचा कोड चालेलच असं नाही.

नवीन लाभार्थी, म्हणजे ज्याला पैसे पाठवायचे तो, खात्याला जोडल्यावर बऱ्याच बँका पहिले काही तास कमी रक्कमच पाठवू देतात. फ्लॅटचं टोकन उद्या द्यायचं असेल, तर नाव आजच जोडा.