आम्ही सांगून काय होणार?

"मॅडम, आम्ही सांगून काय होणार ओ? ते आजारांचे शब्द तिकडं परदेशात ठरतात ना?"

कॅज्युअल्टीत, ओपीडीत, चहाच्या रांगेतसुद्धा हा प्रश्न मला येतो. मिरजेतल्या एका खासगी दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये मी बावीस वर्षं केस पेपर लावले. आता केस पेपर कॉम्प्युटरवर गेला. डॉक्टरांनी निदान टाईप करायला घेतलं की खाली नावांची यादी उघडते, त्यातलं एक निवडायचं. त्या यादीत काय सापडत नाही, काय भलतंच सापडतं, हे विचारत फिरणं हे माझं सध्याचं काम. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण आधी माझी फजिती ऐका.

सुरुवातीला मी छापील फॉर्म वाटले. दहा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. परत आलेल्या बहुतेक कागदांवर वरपासून खालपर्यंत चार. पाच दिले तर खोटं वाटेल, तीन दिले तर ही बाई येऊन कारण विचारेल. चार म्हणजे 'आता जावा'. 'सूचना' या रकान्यात एकानं लिहिलं होतं, एसी दुरुस्त करा.

मग एकदा वॉर्डातल्या सिस्टरांच्या टेबलावर फाईल ठेवायला जागा करताना कीबोर्ड सरकवला, तर खाली एक चिठ्ठी. निळ्या पेननं लिहिलेली, कडा मळलेल्या. "पित्त उठले – ॲलर्जी टाका. पित्त झाले – गॅस टाका. वारं गेले – डॉक्टरांना विचारा." सिस्टर ओशाळल्या. "मॅडम, नवीन पोरी येतात, त्यांना सापडत नाही, म्हणून लिहून ठेवलंय." मी तिथंच चिठ्ठी वहीत उतरवून घेतली. फॉर्मच्या गठ्ठ्यानं जे दिलं नव्हतं ते त्या चार बोटं रुंद कागदावर होतं.

बघा ना, आपल्याकडं पित्त 'उठतं' तेव्हा अंगावर गांधी येतात आणि पित्त 'होतं' तेव्हा छातीत जळजळतं. रोगांच्या जागतिक वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, आयसीडी-१० मध्ये, पहिल्याचा कोड एल ५० आणि दुसऱ्याचा आर १२. दोघांची प्रकरणंसुद्धा वेगळी. अंगावरून 'वारं जाणं' म्हणजे पक्षाघात, आणि बाई नुसतंच "अंगावरून जातंय" म्हणाली तर गोष्टच निराळी. सगळं निदान क्रियापदात बसलेलं, आणि आमचा शोध पहिल्या शब्दावर अडलेला. सिस्टरांना हे माहीत होतं. त्यांनी मला का सांगितलं नाही? कारण त्यांच्यापुरती अडचण त्यांनी सोडवली होती. तक्रार येत नाही म्हणजे सगळं सुरळीत आहे, असं समजण्यात माझं एक वर्ष गेलं.

तेव्हापासून मी "कसं वाटतं?" हे विचारायचं सोडलं. आता शेजारी स्टूल टाकून बसते आणि म्हणते, "सर, आत्ता गेलेल्या पेशंटचं काय टाकलंत ते दाखवा." वहीत फक्त शब्द लिहिते, पेशंटचं नाव नाही. रात्री दोन वाजता नवा रेसिडेंट 'फीवर' टाईप करतो आणि यादीतलं पहिलं नाव दाबून मोकळा होतो. महिनाअखेरीला 'ताप, कारण न नमूद' म्हणजे आर ५०.९ सगळ्यांच्या वर, आणि बैठकीत डॉक्टरांना दोष. दोष यादीच्या क्रमाचा होता. जे वर दिसतं ते दाबलं जातं, हे स्टुलावर बसल्याशिवाय मला कळलं नसतं.

शब्द खरंच परदेशात ठरतात का? अर्धं खरं आहे. आमची यादी स्नोमेड सीटी या जागतिक शब्दसंग्रहावर उभी आहे. भारत २०१४ साली त्याचा सदस्य झाला, त्यामुळे देशात तो वापरायला वेगळे पैसे पडत नाहीत. त्याचं आपलं राष्ट्रीय केंद्र पुण्यात, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत. आत साडेतीन लाखांच्या वर संकल्पना, आणि प्रत्येकीला क्रमांक एकच. हार्ट अटॅक म्हणा की मायोकार्डियल इन्फार्क्शन, क्रमांक २२२९८००६. नावं म्हणजे त्या क्रमांकाकडं जाणाऱ्या वाटा. एखादी वाट नसेल तर ती आम्ही इथं, आमच्या यादीपुरती, संध्याकाळपर्यंत पाडतो. 'पित्त उठणे' तशीच घातली. सिस्टरांना मुद्दाम बोलावून टाईप करायला लावलं. त्यांनी चिठ्ठीतल्या त्या ओळीवर काट मारली, चिठ्ठी मात्र परत कीबोर्डखाली.

संकल्पनाच नसेल तर काम लांबतं. आधी ती दुसऱ्या नावानं आत आहे का ते धुंडाळायचं, आणि बहुतेकदा ती असतेच. नसेल तर व्याख्या आणि संदर्भ जोडून राष्ट्रीय केंद्रामार्फत मागणी करायची. आयसीडीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात तर नोंदणी करून कोणीही बदल सुचवू शकतं, मिरजेतली रेकॉर्ड रूमसुद्धा. आत आलेलं पुढं चुकीचं किंवा दुअर्थी ठरलं तरी स्नोमेडमध्ये तो क्रमांक पुसत नाहीत. निष्क्रिय करतात, कारण लिहितात आणि त्याऐवजी काय वापरायचं ते जोडतात. जुने केस पेपर फाडायचे नाहीत, या आमच्या खात्याच्या नियमासारखंच. मला ते फार आवडतं.

चक्करचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. आमच्याकडं अथणी, कागवाडकडचे पेशंट भरपूर, ते कानडीत 'तले सुत्तु' म्हणतात. आपल्याकडचे चक्कर, भोवळ, घेरी, अंधारी. डॉक्टर विचारतात, "घर फिरतंय का डोळ्यापुढं अंधार येतोय?" आयसीडी-१० या दोन्हींना आर ४२ मध्ये बसवतं, स्नोमेड मात्र दोन क्रमांक देतं. मग 'चक्कर' ही वाट कुठल्या क्रमांकाकडं न्यायची? मेडिसिनचे सर एक सांगतात, कान-नाक-घशाचे दुसरं. तूर्तास दोन्ही नावं दाखवतो, निवड त्यांची.

नाही म्हणायचीही वेळ येते. एका मोठ्या डॉक्टरांनी गंभीरपणे मागणी केली, 'नातेवाइकांच्या आग्रहामुळे ॲडमिट' असं एक निदान हवं. गरज खरी होती, मला पटलीसुद्धा. पण तो आजार नव्हे. दाखल करण्याच्या कारणांच्या वेगळ्या रकान्यात ते गेलं. मी स्वतः जाऊन सांगितलं. ते हसले, आणि पुढच्याच आठवड्यात कामाच्या तीन सूचना दिल्या. जे सांगितलं त्याचं पुढं काय झालं हे कोणी येऊन सांगत नाही, म्हणूनच तुमचा तो "काय होणार ओ" येतो. चूक आमचीच.

आता सध्या डोक्यात असलेली गोष्ट. तासगाव भागात ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षाचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. त्याला पेस्टिंग म्हणतात. दिवसभर ते काम केलेला माणूस संध्याकाळी थोडी जरी प्यायला तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, दम लागतो, कारण ते रसायन शरीराला दारू पचवू देत नाही. तशी माणसं रात्री कॅज्युअल्टीत येतात. यादीत जवळचे पर्याय दोन सापडायचे: दारूची नशा किंवा कीटकनाशकाची विषबाधा. प्यालेला असतो थोडीच, आणि ते कीटकनाशक नव्हेच. पहिला पर्याय निवडला तर घरच्यांसमोर तो नुसता दारुडा ठरतो. हे माझ्या लक्षात आणून दिलं ते डॉक्टरांनी नव्हे, स्ट्रेचर ओढणाऱ्या मामांनी. "मॅडम, ही सगळी छाटणीच्या टोळीतली हायती, हातबी बघा की त्यांचं."

मागणीचा कागद मी लिहायला घेतलाय. पण सर म्हणतात, एका हंगामाच्या नीट नोंदी हव्यात. म्हणून यंदा सगळ्यांना सांगून ठेवलंय. परवा रात्री साडेअकराला कॅज्युअल्टीतून फोन आला, "मॅडम, पेस्टिंगवाला आलाय. काय घालू?"

म्हटलं, सर सांगतील ते निदान घाला, आणि खाली स्वतःच्या शब्दांत लिहा – पेस्टिंग, किती वाजेपर्यंत केलं, हातमोजे होते का.

"हातमोजे नव्हते," सिस्टर म्हणाल्या. "लिहिते."