तुम्ही विचारलंत म्हणून: परत का येत नाहीस?

"एवढा त्रास होतोय तर परक्या देशात एकटी कशाला राहतेस, घरी ये ना, बरं वाटेल" असं इतक्या जणांनी इतक्या मायेने म्हटलंय की एकदा नीट सांगायलाच हवं.

ज्यामुळे हा त्रास होतोय तो रस्त्यावरचा अपघात मी इकडे येण्याआधीचा, म्हणजे तुम्ही जिथे परत बोलावताय तिथलाच. इकडे आल्यावर सुरुवातीला खरंच बरं वाटलं, तो रस्ता नाही, विचारणारे नातेवाईक नाहीत, कुणाला काही माहीतच नाही. पण टाळणं हे पीटीएसडीचं, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनाला जडणाऱ्या आजाराचं, एक मुख्य लक्षणच आहे, आणि परदेशात टाळायला फार सोपं जातं. काही जणांना पुरता त्रास सहा महिने उलटल्यावर सुरू होतो, माझं तसंच झालं. नंतर जोरात ब्रेक लागल्याचा आवाज आला की हात गार पडायला लागले, झोप गेली, मग देश कुठलाही असो काय फरक पडतो?

फरक पडला तो थेरपीने. ईएमडीआर म्हणून एक पद्धत आहे, प्रसंग मनात धरायचा आणि थेरपिस्टच्या बोटामागे डोळे फिरवायचे. ऐकायला विचित्र वाटतं, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी सुचवलेल्या उपचारांत ती आहे. माझी अडचण वेगळीच निघाली, मी सगळं इंग्लिशमध्ये अगदी व्यवस्थित सांगायचे, पोलिसांना जबाब दिल्यासारखं, आत काही हलायचंच नाही. शेवटी थेरपिस्ट म्हणाली तुझ्या भाषेत बोल, मला कळलं नाही तरी चालेल. मराठीत दोन वाक्यं बोलले आणि इतकी रडले की पुढचं बोलताच येईना. काम खरं तिथून सुरू झालं, आणि ते भयंकर दमवणारं आहे, सेशननंतरचा दिवस मी मोकळाच ठेवते.

रात्रीचं म्हणाल तर दचकून उठले की पाय जमिनीवर टेकवते, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घेते, मग बहिणीला फोन. तिच्याकडे तेव्हा दिवस असतो, वेळेतल्या फरकाचा एवढा फायदा आहे. ती काही विचारत नाही, भाजी चिरता चिरता बोलत राहते.

आता परत आले तर हीच थेरपिस्ट ऑनलाइन चालू ठेवता येणार नाही, तिचं लायसन्स दुसऱ्या देशात चालत नाही, आणि नव्या माणसापाशी पहिल्यापासून तो अपघात उलगडायची ताकद माझ्यात आत्ता नाहीये. म्हणून हे अर्धवट टाकून यायचं नाही असं ठरवलंय.