तुम्ही विचारलंत म्हणून : ईटीव्ही मराठी गेलं कुठं?

केबलच्या वसुलीला दारात उभा राहिलो की पावती फाडायच्या आधी हा प्रश्न हमखास येतो. "दादा, ते ईटीव्ही मराठी तुम्ही बंद का केलंत?" विचारणारी माणसं बहुतेक पन्नाशीच्या पुढची. त्यातली कितीतरी रोज कलर्स मराठी बघतात, तरीही विचारतात. मी जिन्यातच उभ्याउभ्या "बंद नाही झालं, नाव बदललं" एवढं सांगतो आणि पुढच्या दाराकडं वळतो. उत्तर अर्धवट असतं, हे मला ठाऊक असतं. म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

सोलापुरात १९९६ पासून माझा केबलचा धंदा आहे. साखर पेठ, अशोक चौक, हा सगळा आमचा पूर्व भाग. इथं पद्मशाली समाजाची वस्ती मोठी. घरात तेलुगू, बाहेर मराठी. पुरुष यंत्रमागावर चादरी-टॉवेल काढायचे, बायका उंबऱ्यात बसून विड्या वळायच्या. त्यामुळं ईटीव्ही हा शब्द आमच्या भागात मराठीच्या आधी तेलुगूतून आला. रामोजी राव यांनी १९७४ मध्ये विशाखापट्टणमला 'ईनाडू' हे दैनिक काढलं आणि २७ ऑगस्ट १९९५ ला ईटीव्ही ही तेलुगू वाहिनी सुरू केली. ईटीव्हीतला 'ई' हा या ईनाडूचा. नवीन जोडणी द्यायला गेलो की अक्का लोकांचा पहिला सवाल तोच असायचा, "ईटीव्ही दिसतंय का? मग जोड."

तेव्हाचं माझं हेडएंड, म्हणजे जिथून घरोघरी सिग्नल सोडायचो ती जागा, ही गच्चीवरची पत्र्याची खोली. बाहेर छत्र्या, आत लोखंडी रॅक, त्यात प्रत्येक चॅनलला एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर. मॉड्युलेटरच्या कपाळावर कागदी चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेननं चॅनलचं नाव. उन्हाळ्यात त्या खोलीत एवढं तापायचं की पट्टीचा डिंक सुटून नावं खाली पडायची. ९ जुलै २००० ला ईटीव्ही मराठी सुरू झालं. रविवार होता. 'ई तेलुगू'च्या खाली मी 'ई मराठी' अशी पट्टी लावली. वरखाली दोन भावंडं असावीत तशी ती दोन नावं पुढं तेरा वर्षं त्या रॅकवर होती.

दूरदर्शनचं सह्याद्री होतंच. झी समूहाचं अल्फा मराठी वर्षभर आधी, १५ ऑगस्ट १९९९ ला, आलं होतं. आज ऐकायला विचित्र वाटेल, पण तेव्हा कुठला चॅनल कितव्या नंबरावर, ही मोठी गोष्ट होती. जुन्या टीव्हीवर बाराच बटणं. पहिल्या बारात जागा मिळाली तर चॅनल घरात पोचला, नाही मिळाली तर निम्म्या घरांना तो आहे हेच कळायचं नाही. ईटीव्ही मराठीला मी सहावा नंबर दिला. गिऱ्हाइकांना वाटायचं, चॅनल आणतो तोही मीच आणि काढतो तोही मीच. त्या बारा बटणांपुरतं ते खरंही होतं.

ही वाहिनी मराठी, पण तयार व्हायची हैदराबादला. रामोजी फिल्म सिटी गिनेसच्या नोंदीप्रमाणे १,६६६ एकरांवर पसरलेली आहे. तिथल्या एकाच आवारात तेलुगू, मराठी, कन्नड, बांगला, गुजराती, ओडिया, उर्दू आणि हिंदी पट्ट्यासाठीच्या वाहिन्यांचं काम चालायचं. यंत्रणा सामाईक, भाषा वेगळ्या. एकेका भाषेसाठी वेगळा स्टुडिओ बांधायचा तर जो खर्च येतो, तो असा वाटला गेला. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे खटकायचं, "मराठी चॅनल आणि हैदराबादला?" आम्हां सोलापूरकरांना नाही खटकलं. आमच्यासाठी हैदराबाद एका रात्रीवर. आमच्या गल्लीतला एक मुलगा तिथं एडिटिंगला लागला होता. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेला सुट्टीवर आला की कँटीनच्या गोष्टी सांगायचा. एका टेबलावर मराठी पोरं, शेजारी बांगला, पलीकडं कन्नड, आणि सगळ्यांच्या ताटात एकच सांबार. परभणी, धुळे, गडचिरोली अशा ठिकाणांहून आलेली पोरं तिथं पहिल्यांदा एकमेकांची मराठी ऐकत होती, हे त्याचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलंय.

ईनाडूनं वर्तमानपत्रात जिल्ह्याला मान दिला, तीच सवय वाहिनीत आली. जिल्ह्याजिल्ह्यात वार्ताहर नेमले. सोलापूरच्या पाण्याची, मंगळवेढ्याच्या दुष्काळाची, पंढरीच्या वाटेवरची बातमी पडद्यावर दिसायला लागली. सकाळी शेतकऱ्यांसाठी 'अन्नदाता' लागायचा. आणि रात्री अर्थातच 'चार दिवस सासूचे'. २००१ मध्ये सुरू झालेली ही मालिका तीन हजारांहून जास्त भाग चालून २०१३ च्या सुरुवातीला संपली. त्या वेळेत केबल गेली तर मला जेवण सोडून सायकल काढावी लागायची. विड्या वळणाऱ्या अक्कांच्या घरीसुद्धा ती लागायची. तेलुगू मालिका संपली की एक बटण दाबायचं, मराठी सुरू. दोन्ही ईटीव्ही.

आता विक्रीकडं येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे.

ईनाडूच्या या वाहिन्यांत रिलायन्सचा पैसा आधीच आलेला होता. ३ जानेवारी २०१२ ला जाहीर झालं की राघव बहल यांच्या नेटवर्क१८ समूहातली टीव्ही१८ ही कंपनी रिलायन्सकडचे ईटीव्हीतले हिस्से विकत घेणार. रक्कम सुमारे २,१०० कोटी रुपये. नेटवर्क१८ च्या प्रवर्तकांना त्यासाठी पैसा उभा करून द्यायचा तो रिलायन्सच्याच एका ट्रस्टनं. म्हणजे विकणारा एक, घेणारा दुसरा, पण घेणाऱ्याच्या खिशातला पैसा विकणाऱ्याच्या घरचा. मी हे दोनदा वाचलं तेव्हा समजलं.

वाटणी कशी झाली, हे नीट बघा. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान, बिहार आणि उर्दू या बातम्यांच्या वाहिन्या शंभर टक्के गेल्या. मराठी, कन्नड, बांगला, गुजराती, ओडिया या करमणुकीच्या वाहिन्यांचा पन्नास टक्के हिस्सा गेला. तेलुगूतला फक्त साडेचोवीस टक्के. घराची वाटणी होते तेव्हा वडील राहतं घर स्वतःकडं ठेवतात, तसं रामोजी रावांनी तेलुगू हातातून सोडलं नाही. व्यवहार पुरा व्हायला जानेवारी २०१४ उजाडलं. या सगळ्या काळात पडद्यावर नाव ईटीव्ही मराठीच होतं. तुम्ही बघत होतात तो चॅनल तुमच्या नकळत विकला गेला होता, आणि रात्रीच्या मालिकेत त्यानं एका मिनिटाचाही फरक पडला नाही.

लगेच पुढचा बदल. मे २०१४ मध्ये रिलायन्सनं त्या ट्रस्टमार्फत खुद्द नेटवर्क१८ चाच ताबा घेत असल्याचं जाहीर केलं. राघव बहल बाहेर पडले. मग नाव बदलायची पाळी आली, कारण 'ई' हे अक्षर ईनाडूचं, ते कायम दुसऱ्याच्या दारावर कसं राहणार? नेटवर्क१८ आणि अमेरिकेतली व्हायकॉम यांची भागीदारीतली कंपनी होती व्हायकॉम१८. तिची हिंदी वाहिनी कलर्स २००८ पासून चालू होती. तेच नाव मराठीला दिलं. २०१५ चा गुढीपाडवा २१ मार्चला होता. दुसऱ्या दिवशी, २२ मार्चला, ईटीव्ही मराठीचं कलर्स मराठी झालं. त्याच सुमारास कन्नड, बांगला, गुजराती, ओडिया सगळ्यांचं तसंच झालं. बातम्यांच्या ईटीव्ही वाहिन्यांना पुढं न्यूज१८ हे नाव मिळालं.

पडद्यावर नवं नाव येतं. मालक कोण, ते पडद्यावर कधी येत नाही. पाडव्याच्या आदल्या आठवड्यात मी चारशे चिठ्ठ्या छापून घेतल्या, "ईटीव्ही मराठीचे नाव कलर्स मराठी होत आहे. वाहिनी तीच आहे." मागच्या बाजूला तोच मजकूर तेलुगूत, शेजारच्या गुरुजींनी लिहून दिलेला. घरोघरी वाटल्या. उगादीची, म्हणजे तेलुगू पाडव्याची, गडबड होती, पच्चडीसाठी कैरी चिरता चिरता बायकांनी चिठ्ठी घेतली आणि कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. काही घरांत ती वर्षभर तिथंच होती.

तरी गोंधळ झालाच, आणि त्यात चूक तुमची नाही. कारण ईटीव्ही हे नाव संपलेलंच नाही! तेलुगू ईटीव्ही आजही रामोजी समूहाकडं आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायचा, म्हणजे केबलचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नवा नियम आला. शंभर चॅनलचे १३० रुपये आणि वर कर, आणि पैसे भरायचे चॅनल ज्यानं त्यानं निवडायचे. मी फॉर्म घेऊन दारोदार फिरलो. नाव बदलून चार वर्षं झाली होती, तरी एक काका म्हणाले, "ईटीव्ही लिही." माझ्या हाताखालच्या पोरानं तेच लिहिलं. दोन दिवसांनी काकांचा फोन, "चॅनल लागला, पण सगळे तेलुगूत बोलतायत." मी जाऊन बॉक्सला कलर्स मराठी चालू करून दिलं. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे नव्हे रे. त्या सोलापूरच्या बातम्या?" त्या बातम्या मला कुठल्याच बॉक्सवर चालू करून देता आल्या नसत्या.

मला यातली खरी हानी ती वाटते. मालक बदलला, नाव बदललं, मालिका तर आजही भरपूर आहेत. पण एका करमणुकीच्या वाहिनीवर, सासू-सुनेच्या गोष्टीच्या शेजारी, आपल्या तालुक्याची बातमी बसायची, ती जागा गेली. बातम्यांची वाहिनी ज्याला बातम्या बघायच्या आहेत तोच लावतो. विड्या वळणारी बाई ती लावत नाही. तिच्या कानावर पाण्याच्या टँकरची बातमी पडायची, ती मालिकेची वाट बघता बघता.

आणि "तुम्ही बंद का केलंत" यातल्या 'तुम्ही'बद्दल. मीही आता मालक नाही. ३१ मार्च २०१३ ही सोलापूरला डिजिटलची मुदत होती. सेट टॉप बॉक्स आले आणि माझं हेडएंड एका दिवसात निरुपयोगी झालं. सिग्नल आता एका मोठ्या कंपनीकडून फायबरनं येतो. कुठला चॅनल कितव्या नंबरावर, हे ती ठरवते. गेल्या काही वर्षांत तिनं चार वेळा नंबर बदलले आणि चारही वेळा मला गिऱ्हाइकांच्या फोनवरून कळलं. माझ्याकडं उरलं ते शेवटच्या खांबापासून तुमच्या टीव्हीपर्यंतची वायर आणि पावती पुस्तक. रॅक भंगारात दिला, किलोवर. तेव्हा त्या दोन चिकटपट्ट्या तेवढ्या नखानं सोडवून घेतल्या. डिंक वाळून कडक झाला होता, 'ई तेलुगू'चा एक कोपरा तुटला.

हल्लीचं सांगायचं तर १४ नोव्हेंबर २०२४ ला रिलायन्सच्या आणि डिस्नेच्या भारतातल्या करमणूक व्यवसायांचं एकत्रीकरण पूर्ण झालं आणि जिओस्टार ही कंपनी उभी राहिली. स्टार प्रवाह डिस्नेच्या बाजूचं, कलर्स मराठी व्हायकॉम१८ च्या. ज्या दोन वाहिन्यांच्या मालिकांवरून आमच्या चाळीत सासू आणि सून रिमोटसाठी भांडायच्या, त्यांची घरं अशी जोडली गेली. त्याच वर्षी ८ जूनला रामोजी राव गेले. त्या महिन्यात वसुलीला फिरलो तर दोन-तीन घरांत त्यांचा फोटो दिसला, तेलुगू पेपरातून कापलेला.

माझ्याकडं एक व्हीएचएस कॅसेट आहे. सिद्धेश्वराच्या यात्रेची ईटीव्ही मराठीवर आलेली बातमी मी एका वर्षी हेडएंडवरच भरून ठेवली होती. दोन मिनिटांची असेल. नंदीध्वज येतात, बाराबंदी घातलेली माणसं दिसतात, गर्दीत आपल्याच पेठेतले चार चेहरे आहेत, त्यातले दोघं आता नाहीत. कोपऱ्यात ईटीव्हीचं चिन्ह. कुणाला बघायची असेल तर संध्याकाळी सातनंतर या. व्हीसीआर चालतो, फक्त हेड पुसायला दहा मिनिटं लागतात, तेव्हा निघायच्या आधी एक फोन करा.