फॅक्टर टेनची जोडनोकरी

नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये एकवीस वर्षं मी निळ्या झाकणाच्या नळ्या हाताळतेय. आत 0.3 मिली सायट्रेट, वर 2.7 मिली रक्त. सायट्रेट कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. मग मशीनवर आम्ही कॅल्शियम परत घालायचं आणि सेकंद मोजायचे. नळी रेषेपर्यंत भरली नाही तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा, उगाच वाढलेला दिसतो. नवी असताना मी अशी एक नळी चालवली होती. एका आजोबांना पुन्हा टोचून घ्यावं लागलं.

घरी सासूबाईंची हृदयाची झडप बदललेली, वॉरफरिन चालू, म्हणजे के जीवनसत्त्वाला अडवून रक्त पातळ ठेवणारी गोळी. अळूचं फदफदं केलं की वाटी केवढी घ्यायची यावर आमचं रणकंदन. पालेभाजीत के जीवनसत्त्व, आणि त्याच्याशिवाय रक्त गोठवणारी प्रथिनं, म्हणजे फॅक्टर टू, सेव्हन, नाइन, टेन, अर्धेकच्ची राहतात.

गेल्या रविवारी तलावपाळीवर भाचा म्हणाला, "मावशी, तुझा फॅक्टर टेन विषाणूंची हमाली करतो गं!"

मग त्याने सगळं सांगितलं. जीन थेरपीत पेशींमध्ये जनुक पोचवायला अडिनोव्हायरस 5 हा विषाणू वापरून बघितला. प्रयोगशाळेतल्या बशीत तो आपल्या काट्यांनी पेशीला चिकटतो. रक्तात सोडला की मात्र बराचसा यकृतात जाऊन बसतो. 2008 मध्ये कळलं की काट्यांचा इथे संबंधच नाही. त्याच्या कवचावर हेक्सॉन नावाच्या प्रथिनाच्या 240 विटा असतात. फॅक्टर टेनचं एक टोक त्या विटेच्या खळग्यात बसतं, दुसरं यकृतपेशीवरच्या हेपरान सल्फेट नावाच्या साखरेच्या साखळीला धरतं. खळग्यात बसणारं टोक नेमकं के जीवनसत्त्वाने तयार होणारं! उंदरांना आधी वॉरफरिन दिलं, तर विषाणूची यकृतातली एन्ट्री जवळजवळ बंद. आणि ही पकड बसायलाही कॅल्शियम लागतं. माझ्या हातातली भेळ मऊ पडली.

मग वॉरफरिन देऊन मोकळं व्हायचं की, असं मला वाटलं. पण 2013 मध्ये आणखी एक भानगड निघाली. फॅक्टर टेन अंगावर असला की उंदराच्या रक्तातली नैसर्गिक प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) आणि कॉम्प्लिमेंट, म्हणजे त्यांच्या मदतीला येणारी रक्तातली संरक्षक प्रथिनं, विषाणूवर तुटून पडू शकत नाहीत. ज्या उंदरांत ही प्रतिपिंडंच नव्हती, तिथे विषाणू फॅक्टर टेनशिवायही यकृतात पोचला. म्हणजे हमाल कसला, छत्रीच! मला तर हेच जास्त पटलं.

(हिमोफिलियाच्या जीन थेरपीत वापरतात तो एएव्ही, म्हणजे अडिनो-असोसिएटेड व्हायरस. तो वेगळा विषाणू, गल्लत नको.)

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्या उंदरांना पालेभाजी देत होते का?"

भाच्याला मेसेज टाकलाय.