पुणे ते जिस्पा, डिसेंबरात: वायपर आणि वॉशरच्या पाण्याची तयारी

हिमाचलमधल्या मनालीहून लाहौल खोऱ्यातल्या जिस्पा गावाकडे सकाळी ८ वाजता निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं. मी, बायको आणि धाकटा भाऊ. अटल बोगद्याचे ९ किलोमीटर पार करून लाहौलच्या बाजूला बाहेर पडलो आणि चित्र पालटलं. रस्त्यावर अर्धवट वितळलेला, मातीत कालवलेला बर्फ होता. पुढच्या ट्रकच्या चाकांनी तो चिखल थेट काचेवर उडवला. मी वॉशरचा, म्हणजे काचेवर पाणी फवारायचा, दांडा ओढला. पंपाची घरघर ऐकू आली, पाण्याचा थेंबही आला नाही. वायपरने तो चिखल काचभर सारवला, आणि समोरून सूर्य डोळ्यांवर. काही सेकंद मला रस्ता दिसतच नव्हता. ही भीती मी अजून विसरलेलो नाही, म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

गाडी बाजूला घेतली. पिण्याच्या पाण्याची बाटली काचेवर ओतली, तर फडकं फिरवायच्या आत पाण्याची पापडी झाली. एका स्थानिक टॅक्सीवाल्याने थांबून बॉनेट उघडायला लावलं आणि वॉशरच्या टाकीत डोकावून म्हणाला, “भाईसाब, सादा पानी यहाँ नहीं चलेगा।” टाकीत पुण्याचं नळाचं पाणी होतं. रात्री मनालीतच ते नळीत गोठलं असणार. बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावात गाडी दोन तास उन्हात उभी केली तेव्हा नळी मोकळी झाली. आमचं नशीब की टाकी फुटली नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, काठोकाठ भरलेली टाकी त्याने तडकू शकते. आणखी एक: पाणी येत नसेल तर दांडा ओढत राहू नका, पंप जळतो किंवा फ्यूज उडतो.

संध्याकाळी मनालीला परतून वॉशरचा द्रव आणि वायपरची ब्लेड, दोन्ही बदलली.

आधी द्रव, कारण माझ्या मते ब्लेडपेक्षा तोच महत्त्वाचा. तयार हिवाळी वॉशर द्रव घेताना बाटलीवर किती उणे तापमानापर्यंत चालतो ते पाहा. जिस्पा साधारण ३,२०० मीटरवर आहे, तिथे डिसेंबरात रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. उणे २० चा द्रव घ्या. तो आकडा बहुतेकदा पाणी न घालता वापरायच्या द्रवाचा असतो. ‘कॉन्सन्ट्रेट’ असेल तर त्यात पाणी किती घालायचं, हे लेबलवर वाचा. मिळालाच नाही तर केमिकलच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि डिस्टिल्ड वॉटर दोन भाग; हे साधारण उणे १५ पर्यंत तग धरतं. ते पेट घेतं, म्हणून उघड्यावर मिसळा आणि इंजिन गार असताना भरा. दुकानदार हिरवं कूलंट पुढे करेल, कारण डब्यावर ‘अँटीफ्रीझ’ लिहिलेलं असतं. ते रेडिएटरसाठी आहे. काचेवर त्याचा तेलकट पापुद्रा बसतो, शिवाय ते विषारी असतं.

नवा द्रव ओतण्याआधी जुनं पाणी फवारून संपवा, आणि भरल्यावरही नोझलमधून नवा द्रव येईपर्यंत फवारा. नळीत उरलेलं जुनं पाणीच आधी गोठतं. हे काम मंडी शहराच्या आधी, सपाटीवरच उरका.

आता ब्लेड. आपण वायपर बदलतो ते जूनच्या तोंडावर, घाटातल्या पावसासाठी. तेच रबर ऑक्टोबरच्या उन्हात करपून डिसेंबरात थंडीने आणखी कडक होतं. माझे तर वर लोखंडी सांगाड्याचे होते. सांध्यांत बर्फ बसला, पातं वाकेना आणि नेमका माझ्या डोळ्यांसमोरचा पट्टा पुसला जाईना. त्याऐवजी बिनसांगाड्याचं, अखंड पात्याचं ब्लेड घ्या, त्यात बर्फाला शिरायला जागाच नसते. सिलिकॉनचं महाग पडतं, पण गारठ्यात मऊ राहतं. दोन्ही बाजूंची लांबी बहुतेकदा वेगळी असते (माझ्या गाडीला २४ आणि १६ इंच), आणि हुकाचा प्रकारही जुळायला हवा. म्हणून जुनं ब्लेड काढून सोबत न्या.

रात्री गाडी लावताना वायपर बंद करूनच इंजिन बंद करा. नाहीतर सकाळी चावी फिरवताच काचेला चिकटलेली ब्लेड ओढली जातात, आणि रबर फाटतं किंवा मोटर बसते. काचेवर जुनी चादर टाकून तिची टोकं दारांत अडकवा. तोंड पूर्वेकडे ठेवलंत तर पहिलं ऊन काचेवर पडतं. बर्फ प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. गरम पाणी कधीही ओतू नका, काचेला तडा जाऊ शकतो. चालत्या गाडीत थंड काचेवर फवारा मारला तर अल्कोहोल आधी उडून जातं आणि उरलेलं पाणी गोठतं. म्हणून आधी हीटरची हवा काचेवर सोडून ती कोमट होऊ द्या. सोबत एसीही चालू ठेवा, आतलं धुकं त्याने लवकर जातं.

दोन दिवसांनी पुन्हा निघालो आणि जिस्पापर्यंत गेलो. वाटेत तसेच ट्रक, तसाच चिखल, पण दोन फवाऱ्यांत काच स्वच्छ. त्या एका दिवसात जवळजवळ अर्धी टाकी संपली. एक लिटर द्रव डिक्कीत ठेवाच, कारण वाटेत साध्या पाण्याने टाकी भरलीत तर मिश्रण पातळ होतं आणि रात्री ते पुन्हा गोठतं.