पोलिसांची प्रेसनोट आणि माझी लाल पेन्सिल

आजच्या प्रेसनोटमध्ये ओळ होती: ‘पोलिस रेकॉर्डवरील सराईत गुन्हेगार दरोड्याच्या तयारीत असताना सापळा रचून जेरबंद.’ बातमीदाराने ती तशीच पाठवली, वर ‘पारधी टोळी गजाआड’ असा मथळा. अटक दुपारची, तिघांना अजून कोर्टात उभंही केलेलं नाही. मी ‘पारधी’ काढलं, ‘सराईत गुन्हेगार’ काढलं, ‘दरोड्याच्या तयारीत असल्याच्या संशयावरून तिघांना अटक’ एवढंच ठेवलं. त्याचा लगेच फोन, “सर, बातमीत दमच राहिला नाही.” म्हटलं, आधी शिक्षा लागली असेल तर कोर्ट आणि वर्ष कळव, दोन मिनिटांत घालतो. काही आलं नाही.

पोलिसांच्या भाषेतला एक भाग मला मनापासून आवडतो. फरारीचं वर्णन: ‘बांधा मध्यम, रंग सावळा, चेहरा उभट, नाक सरळ, उजव्या मनगटावर जुन्या जखमेची खूण, अंगात निळा चौकड्यांचा शर्ट.’ यातलं सगळं डोळ्यांना दिसतं. चुकलं तर चुकलं म्हणता येतं. ‘सराईत’, ‘कुख्यात’, ‘संशयास्पद हालचाली’ यांचं तसं नाही. हालचाली म्हणजे नेमकं काय केलं? रात्री एसटी स्टँडवर बसला होता? पालातून, म्हणजे भटक्यांच्या तंबूवजा घरातून, बाहेर पडला होता? ते लिहा, मग वाचणारा ठरवेल.

आणि हे शब्द सगळ्यांना सारखे चिकटत नाहीत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातीच जन्माने गुन्हेगार ठरवल्या. हजेरी लावायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, माणसं ‘विमुक्त’ झाली. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आलाच, आणि गावात चोरी झाली की पहिली धाड अजून पालावरच पडते. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातिभेदाच्या निकालात विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असं पोलिसांना बजावलं. आमच्या मथळ्यांना असं कुणी बजावत नाही, ते डेस्कवरच व्हायला हवं.

मुलीवर अत्याचार झालेला असतो तेव्हा हे सगळं जड जातं. तिच्या आईला ‘संशयित’ हा शब्द थट्टेसारखा वाटत असेल, आणि तिचा राग शंभर टक्के खरा आहे. म्हणून मी कठोर शब्द कृत्यासाठी वापरतो. खून निर्घृण होता हे शवविच्छेदनाचा अहवाल सांगतो, तसं ठळक लिहावं. तो ह्यानेच केला हे अजून सिद्ध व्हायचं असतं, म्हणून माणसाला ‘नराधम’ नाही. ‘कथित’ही मला नको असतं. ‘कथित बलात्कार’ म्हटलं की त्या मुलीच्याच शब्दावर संशय घेतल्यासारखं होतं. ‘फिर्यादीत म्हटलं आहे’ लिहिलं की कोण काय म्हणतंय ते स्वच्छ कळतं.

नाशिकची २००३ ची केस मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. दरोडा, बलात्कार, खून. आरोपी सहा, सगळे भटक्या समाजातले, मजुरी करणारे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही फाशीचीच शिक्षा सुनावली. पुढे ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी बाईने पोलिसांच्या अल्बममधून वेगळ्याच चौघांचे फोटो ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षं तुरुंगात काढलेल्या त्या सहा जणांना प्रत्येकी पाच लाख भरपाई देण्याचा आदेश झाला. त्या सोळा वर्षांत त्यांच्या पोराबाळांना गावात काय म्हणून हाक मारली असेल?

सुटकेची बातमी लागते तीही एका कॉलमात, आणि तिथेही ‘पुराव्याअभावी सुटले’. म्हणजे केलंच होतं, फक्त सापडलं नाही, असं वाचणाऱ्याच्या मनात राहतं. निकालपत्रात न्यायाधीशांनी तसं म्हटलं असेल तर जरूर लिहावं. नसेल तर ‘निर्दोष मुक्तता’ म्हणावं, आणि अटकेची बातमी ज्या पानावर होती त्याच पानावर, तेवढ्याच टायपात लावावी. उद्याच्या मीटिंगमध्ये संपादकांकडे हे मागणार आहे.